घास अडतो तेव्हा : दोन दुर्बिणी आणि एक निर्णय



जमाखर्चाची पत्रके सुरू होण्यापूर्वी एखाद्या आजाराची ओळख करून देण्याचा प्रघात आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात गेली काही वर्षे चालू आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, मोतीबिंदू, मूतखडा अशा घरोघरी परिचित असलेल्या विषयांवर आजवर लिहून झाले. यंदाचा विषय त्या मानाने विरळा आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप वेळेवर सैल न पडल्यामुळे घास अडतो. या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘अकॅलेशिया कार्डिया’ असे नाव आहे. विरळा असूनही तो निवडण्यास दोन कारणे घडली. या विकाराच्या एका रुग्णाचे निदान होण्यास आमच्याच बाह्यरुग्ण विभागात फार विलंब झाल्याचे अहवाल वर्षात आमच्या ध्यानी आले. आणि याच वर्षात या विकारावरील अत्याधुनिक उपचाराची सामग्री खरेदी करावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला. त्या प्रस्तावाचे काय झाले आणि तसे का झाले, हे देणगीदारांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही प्रशासनातील माणसे. आमची विद्या वाणिज्य शाखेची. या लेखातील वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांशी वेळोवेळी झालेल्या चर्चेतून समजून घेऊन लिहिला आहे. तो वाचून कोणी स्वतःचा उपचार स्वतः ठरवू नये. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, हे मात्र जरूर ठरवावे.

विलंबाची हकिकत

आपल्याच तालुक्यातील, चाळिशीच्या आतील एक भगिनी सुमारे चार वर्षे अधूनमधून आमच्याकडे येत होत्या. छातीत जळजळते, जेवल्यावर अन्न वर येते, अशी त्यांची तक्रार असे. प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळे, केसपेपर नवा आणि गोळ्या मात्र त्याच, आम्लपित्ताच्या. पुढे रात्री झोपेत ठसका व खोकला सुरू झाला, वजन उतरू लागले. तेव्हा क्षयाची शंका येऊन छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली. क्षय नाही असे कळल्यावर सर्वांनाच हायसे वाटले आणि मूळ तक्रार होती तेथेच राहिली.

दरम्यान त्या भगिनी लग्नकार्यात पंगतीला बसेनाशा झाल्या होत्या. घरी सर्वांची जेवणे आटोपल्यावर भाकरी ताकात कुस्करून, प्रत्येक घासामागे पाणी पीत, त्या तासभर एकट्याच जेवत. हे मनाचे दुखणे आहे, असे घरचे म्हणू लागले होते. अखेर त्यांचे यजमान केसपेपरच्या खिडकीशी येऊन म्हणाले, “साहेब, हिला आता पाणीसुद्धा उतरत नाही.” खिडकीवरील आमच्या कर्मचाऱ्याने त्या दिवशी त्यांचे जुने सर्व कागद शोधून एकत्र लावले आणि ते डॉक्टरांपुढे ठेवले. एकत्र वाचल्यावर निदानाची दिशा डॉक्टरांना काही मिनिटांत दिसली. ‘घास अडतो का?’ हा साधा प्रश्न मात्र त्यांपैकी एकाही कागदावर नोंदलेला नव्हता. हा दोष कोणा एका डॉक्टरांचा नाही, तर आमच्या व्यवस्थेचा आहे आणि तो आम्ही येथे नमूद करून ठेवत आहोत.

हा विकार काय आहे?

घशापासून जठरापर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका असते. घास गिळला की या नलिकेच्या स्नायूंमध्ये वरून खाली लहर उठते आणि ती घासाला पुढे ढकलते. त्याच वेळी नलिकेच्या तळाशी असलेला वर्तुळाकार स्नायू, म्हणजे आपण ज्याला झडप म्हणतो तो, सैल पडतो. घास जठरात गेला की पुन्हा आवळला जातो. घास ढकलणे आणि झडप उघडणे या दोन्ही क्रियांचे नियंत्रण अन्ननलिकेच्या भिंतीतील मज्जापेशी करतात. अकॅलेशियामध्ये यांपैकी स्नायूला सैल होण्याचा आदेश देणाऱ्या पेशी नष्ट होतात. परिणामी झडप उघडत नाही आणि वरची लहरही उठत नाही. अन्न केवळ स्वतःच्या वजनाने, बंद दारावर साचून साचून, थोडे थोडे खाली झिरपते. नलिका हळूहळू फुगत जाते. साचलेले अन्न रात्री आडवे झाल्यावर वर येते व श्वासनलिकेत शिरते. रात्रीचा खोकला त्यामुळे होतो.

या पेशी का नष्ट होतात, याचे कोडे शास्त्राला अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच पेशींवर केलेला हल्ला, असे त्याचे स्वरूप असावे, असा तज्ज्ञांचा कल आहे. तिखट खाणे, उपवास किंवा काळजी यांमुळे हा विकार होत नाही. स्त्री-पुरुषांत तो सारखाच आढळतो. दर वर्षी एक लाख लोकसंख्येमागे साधारण १ ते २ नवीन रुग्ण, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते.

आम्लपित्ताशी त्याची गल्लत का होते, हेही पाहण्यासारखे आहे. दोन्हींत छातीत जळजळ असते, दोन्हींत अन्न वर येते. पण आम्लपित्तात झडप ढिली असते आणि जठरातील आंबट द्रव वर येतो; अकॅलेशियात झडप घट्ट असते आणि जठरापर्यंत पोहोचलेच नाही असे, आंबट नसलेले, अन्न परत येते. दुसरी खूण अशी, की घन पदार्थ आणि पाणी दोन्ही सुरुवातीपासूनच अडतात. पाणीही अडते का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

निदानाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी एन्डोस्कोपीची. तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका व जठर आतून पाहिले जाते. ही तपासणी टाळता येत नाही, कारण जठराच्या तोंडाशी असलेला कर्करोगही अगदी अशीच लक्षणे दाखवू शकतो. उतारवय, थोड्याच महिन्यांची तक्रार आणि झपाट्याने उतरलेले वजन असेल, तर ही शंका आधी फेडून घ्यावी लागते.

दुसरी पायरी बेरियमच्या एक्स-रेची. पांढरे औषध पाजून फोटो काढले की वर फुगलेली आणि तळाशी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली नलिका दिसते. औषध प्यायल्यानंतर १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो काढल्यास किती औषध अडून राहिले, हेही मोजता येते. या दोन्ही तपासण्या आपल्या रुग्णालयात होतात.

तिसरी पायरी मॅनोमेट्रीची. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडून, रुग्णाला घोट घोट पाणी पाजून, आतील दाब जागोजागी मोजला जातो. यावरून विकाराची निश्चिती तर होतेच, पण त्याचा प्रकारही कळतो. पहिल्या प्रकारात अन्ननलिका अगदी निपचित असते. दुसऱ्यात संपूर्ण नलिकेत एकदम दाब वाढतो. तिसऱ्यात नलिकेचे स्नायू अवेळी आणि जोराने आकुंचन पावतात व छातीत दुखते. हे वर्गीकरण २००८ मध्ये पुढे आले व जगभर रूढ झाले. कोणत्याही उपचाराला दुसरा प्रकार सर्वांत चांगला प्रतिसाद देतो. तिसरा प्रकार सर्वांत हट्टी असतो. ही तपासणी आपल्याकडे होत नाही. त्यासाठी रुग्णाला मोठ्या शहरात पाठवावे लागते. लेखाच्या शेवटी या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

‘दुर्बीण’ या एका शब्दाचा घोटाळा

निदान झाल्यावर वर उल्लेखिलेल्या भगिनींचे यजमान आमच्या कार्यालयात आले. त्यांचा प्रश्न सरळ होता : “दुर्बिणीनं होतंय म्हणतात, मग कापायचं कशाला?” उत्तर देताना आमच्या लक्षात आले, की आपल्या बोलण्यात दुर्बिणी दोन आहेत. ‘दुर्बीण टाकून बघितले’ असे आपण म्हणतो तेव्हा ती तोंडावाटे जाणारी एन्डोस्कोपीची दुर्बीण असते. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतो तेव्हा ती पोटावर छोटी छिद्रे पाडून आत घातलेली लॅप्रोस्कोपीची दुर्बीण असते. या विकारावरील उपचार दोन्ही दुर्बिणींनी होतात आणि स्नायू दोन्हींत कापलाच जातो. त्वचेवर छेद नसणे म्हणजे शरीराच्या आत काही न कापणे नव्हे. उपचारांची तुलना करण्यापूर्वी ही गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे.

आणखी एक गोष्ट. नष्ट झालेल्या मज्जापेशी परत आणणारा उपचार आज उपलब्ध नाही. सर्व उपचार एकच काम करतात : बंद दाराची अडसर मोडतात, म्हणजे अन्न आपल्या वजनाने खाली उतरू लागते. इंग्लंडमधील थॉमस विलिस या वैद्याने १६७४ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले आहे. देवमाशाच्या हाडाच्या काडीला टोकाशी स्पंज बांधून त्या रुग्णाने आपले अन्न खाली ढकलावे, अशी तजवीज त्याने करून दिली होती. साडेतीनशे वर्षांत साधने बदलली. तत्त्व तेच राहिले.

पहिला उपचार : फुग्याने झडप ताणणे

एन्डोस्कोपीच्या साहाय्याने एक मजबूत फुगा झडपेच्या जागी नेऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, तो हवेने फुगवला जातो. सुरुवात बहुधा ३० मिलिमीटर व्यासाच्या फुग्याने करतात. गरज पडल्यास पुढील वेळी ३५ व ४० मिलिमीटरचा वापरतात. झडपेचे तंतू ताणले जाऊन काही अंशी तुटतात. रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवून बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडता येते.

खर्च कमी आणि मुक्काम थोडा, हे याचे गुण. परिणाम काही वर्षांत ओसरून पुन्हा ताणण्याची वेळ येऊ शकते, हा दोष. मुख्य धोका अन्ननलिका फाटण्याचा. मोठ्या युरोपीय अभ्यासात तो सुमारे ४ टक्के रुग्णांत आढळला. म्हणूनच तातडीने शस्त्रक्रिया करू शकणारे सर्जन जवळ असल्याखेरीज हा उपचार करू नये, असा आमच्याकडील दंडक आहे. तरुण पुरुषांत आणि तिसऱ्या प्रकारात याचा उपयोग तुलनेने कमी होतो.

दुसरा उपचार : हेलर यांची शस्त्रक्रिया

जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये झडपेचा स्नायू उभा कापून, आतले अस्तर मात्र अखंड ठेवण्याची शस्त्रक्रिया केली. शतकाहून अधिक काळ तिचे मूळ तत्त्व टिकून आहे. पूर्वी ती पोट किंवा छाती उघडून होत असे. १९९१ पासून लॅप्रोस्कोपीने होऊ लागली. पूर्ण भूल देऊन, पोटावर साधारण पाच छोट्या छिद्रांतून, अन्ननलिकेवर सुमारे ६ व जठरावर २ ते ३ सेंटिमीटर इतका स्नायू कापतात. कापलेली झडप आता कायमची सैल राहणार, म्हणजे जठरातील आम्ल वर येणार. ते रोखण्यासाठी जठराच्या वरच्या भागाची घडी त्या जागेवर शिवतात. या विकारात बहुधा पुढच्या बाजूने केलेली घडी वापरतात व ती फ्रेंच सर्जन डोर यांच्या नावाने ओळखली जाते.

काही दिवसांचा मुक्काम, पूर्ण भूल आणि पोटावरील छिद्रे ही याची किंमत. टिकाऊ परिणाम आणि आम्लाविरुद्ध बांधलेला बंध हा याचा लाभ. शस्त्रक्रियेत आतल्या अस्तराला छिद्र पडू शकते. अनुभवी सर्जन ते तेथेच ओळखून शिवतात.

तिसरा उपचार : तोंडावाटे स्नायुछेद, अर्थात ‘पोएम’

जपानमधील योकोहामा येथे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये हा उपचार प्रथम मानवी रुग्णावर केला आणि २०१० मध्ये १७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पूर्ण भूल दिल्यावर तोंडावाटे दुर्बीण घालतात. अन्ननलिकेच्या अस्तराला छोटा छेद देऊन अस्तर व स्नायू यांच्या मधून जठरापर्यंत बोगदा तयार करतात. त्या बोगद्यातून आतला वर्तुळाकार स्नायू कापत जातात आणि शेवटी अस्तराचा छेद क्लिपांनी बंद करतात. आपल्या देशातही अनेक मोठ्या केंद्रांत हा उपचार होतो; हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी या संस्थेचा त्यातील अनुभव विशेष मोठा आहे.

याचा मोठा गुण असा, की स्नायूचा छेद वर हवा तितका लांब नेता येतो. तिसऱ्या प्रकारात आकुंचन पावणारा भाग झडपेच्या बराच वरपर्यंत असतो. पोटातून तेथवर पोहोचणे कठीण. म्हणून तिसऱ्या प्रकारासाठी पोएमला पसंती दिली जाते. दोष असा, की झडप मोकळी होते पण जठराची घडी शिवलेली नसते. आम्ल वर येण्याचे प्रमाण त्यामुळे अधिक राहते.

या तिहींखेरीज बोटुलिनम नावाच्या औषधाचे इंजेक्शन दुर्बिणीतून झडपेत देता येते. त्याचा परिणाम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. हृदयविकार, वार्धक्य आदी कारणांनी भूल किंवा शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशांसाठीच ते राखून ठेवावे. झडप सैल करणाऱ्या पोटातील गोळ्यांचा उपयोग त्याहूनही अल्प आहे.

तुलना : आकडे काय सांगतात?

रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून केलेले तीन अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतात. रुग्णाची प्रकृती मोजण्यासाठी घास अडणे, अन्न वर येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे या चार लक्षणांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. एकूण १२ पैकी ३ किंवा कमी गुण आल्यास उपचार यशस्वी मानतात.

पहिला अभ्यास २०११ मध्ये युरोपात प्रसिद्ध झाला. त्यात २०१ रुग्णांत फुगा व हेलर यांची तुलना होती. दोन वर्षांनी यश फुग्याला ८६ टक्के, शस्त्रक्रियेला ९० टक्के. पाच वर्षांनी अनुक्रमे ८२ व ८४ टक्के. म्हणजे जवळजवळ बरोबरी. मात्र पाच वर्षांत फुग्याच्या गटातील सुमारे २५ टक्के रुग्णांची झडप पुन्हा ताणावी लागली होती.

दुसरा अभ्यास २०१९ चा, १३३ रुग्णांचा, पोएम व फुगा यांच्यातील. दोन वर्षांनी पोएमला ९२ टक्के व फुग्याला केवळ ५४ टक्के यश. एका अभ्यासात फुगा ८६ टक्के आणि दुसऱ्यात ५४ टक्के, हे कसे? उत्तर हिशेबाच्या पद्धतीत आहे. पहिल्या अभ्यासात त्रास उलटल्यास पुन्हा ताणण्याची मुभा होती व तो उपचाराचाच भाग धरला होता. दुसऱ्यात सुरुवातीच्या ठरावीक फुग्यांनंतर पुन्हा गरज पडली की तो उपचार अपयशी गणला गेला. एकच व्यवहार दोन खात्यांत वेगवेगळा दिसतो, तसेच हे.

तिसरा अभ्यासही २०१९ चाच, २२१ रुग्णांचा, पोएम व हेलर यांच्यातील. दोन वर्षांनी यश ८३ व ८१.७ टक्के, म्हणजे समसमान. गंभीर गुंतागुंत पोएममध्ये २.७ टक्के, शस्त्रक्रियेत ७.३ टक्के. परंतु आम्लामुळे अन्ननलिकेला सूज येण्याचे प्रमाण तीन महिन्यांनी पोएमच्या गटात ५७ टक्के व शस्त्रक्रियेच्या गटात २० टक्के होते. दोन वर्षांनी ४४ व २९ टक्के.

या तिन्ही अभ्यासांवरून आमच्या डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष सरळ आहे. पहिल्या व दुसऱ्या प्रकारात तिन्ही उपचार योग्य आहेत आणि निवड रुग्णाच्या वयावर, प्रकृतीवर, सोयीवर आणि उपलब्ध हातांवर करावी. तिसऱ्या प्रकारात पोएमकडे पाठवावे. आणि ‘नवीन ते उत्तम’ किंवा ‘बिनकापाचे ते सुरक्षित’ अशा वाक्यांवर कोणी निर्णय घेऊ नये.

आजचे बिल आणि पाच वर्षांचे बिल

येथे आमच्या शाखेचा विषय येतो. नातेवाईक आमच्याकडे तीन उपचारांचे दर विचारतात आणि आम्ही दरपत्रक पुढे ठेवतो. त्या पत्रकात फुगा नेहमीच स्वस्त दिसतो. पण दरपत्रक हे एका दिवसाचे असते, विकार जन्मभराचा.

फुग्याच्या उपचारात आजचे बिल लहान. त्यात पुन्हा येण्याचा संभव, प्रत्येक वेळचा प्रवास आणि बुडालेली मजुरी मिळवली पाहिजे. पोएममध्ये मोठ्या शहराचा मुक्काम आणि सोबतच्या माणसाचा खर्च येतो. शिवाय अनेकांना पुढे दीर्घकाळ आम्लविरोधी गोळ्या आणि अधूनमधून एन्डोस्कोपी लागते. हेलरमध्ये आजचे बिल मोठे, काही आठवडे जड काम बंद. पुढील खर्च तुलनेने आटोपशीर, तरी गोळ्या काहींना लागतातच. ज्याचे घर केंद्राच्या जवळ आणि गोळ्या नियमित घेणे शक्य, त्याचा हिशेब वेगळा. ज्याला ऊसतोडीसाठी वर्षातले सहा महिने बाहेर राहावे लागते, त्याचा वेगळा. म्हणून आमच्या समुपदेशन टेबलावर आता पाच वर्षांचा अंदाज लिहून देण्याची पद्धत सुरू केली आहे.

उपरोक्त भगिनींची तपासणी शहरात होऊन विकार दुसऱ्या प्रकारचा निघाला. तिन्ही पर्याय त्यांना व यजमानांना समजावून देण्यात आले. पुन्हा पुन्हा येणे जमणार नाही आणि कायम गोळ्यांची शाश्वती नाही, असे सांगून त्यांनी हेलर यांची शस्त्रक्रिया आपल्याच रुग्णालयात करून घेतली. आज त्या सावकाश, सोबत पाणी घेऊन, पण घरच्यांच्या पंगतीत बसून जेवतात. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने फुगा निवडला असता, तर तोही निर्णय तितकाच योग्य ठरला असता.

विश्वस्त मंडळाचा निर्णय

पोएमची सामग्री घ्यावी, असा प्रस्ताव एका हितचिंतकांच्या उदार देणगीच्या आश्वासनासह आला होता. मंडळाने तो दोन बैठकांत विचारात घेतला. तीन लाख वस्तीच्या परिसरात या विकाराचे वर्षाला साधारण ३ ते ६ नवीन रुग्ण अपेक्षित धरता येतात आणि त्यातील सर्वांना पोएम लागेल असे नाही. हा उपचार हाताच्या सवयीवर अवलंबून असून तो शिकण्यासाठी व शिकलेले टिकवण्यासाठी त्याहून पुष्कळ अधिक रुग्ण लागतात. यंत्र देणगीतून येईल. सराव देणगीतून येत नाही. वर्षातून दोन-चार वेळा हा उपचार करणे रुग्णांच्या हिताचे नाही, असे आमच्या पोटविकारतज्ज्ञांनी स्वतःच सांगितले. त्यांच्या या प्रांजळपणाबद्दल मंडळाने त्यांचे आभार मानले आणि प्रस्ताव नामंजूर केला.

त्याऐवजी मंडळाने तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, बाह्यरुग्ण विभागातील केसपेपरवर ‘घास अडतो का? पाणी अडते का? किती दिवसांपासून?’ हे तीन प्रश्न छापले गेले असून उत्तर होकारार्थी आल्यास गोळ्यांच्या आधी एन्डोस्कोपी व बेरियम तपासणी सुचवली जाते. दुसरी, एका रुग्णाचे सर्व जुने कागद एकाच क्रमांकाखाली ठेवण्याचे काम नोंदणी विभागात सुरू झाले आहे. तिसरी, मॅनोमेट्रीसाठी व आवश्यक तेथे पोएमसाठी मोठ्या केंद्रात जाणाऱ्या गरजू रुग्णाचा प्रवास, तपासणी आणि सोबत्याचा मुक्काम यांसाठी एक छोटा निधी उभारण्यात येत आहे. मूळ देणगीदारांनी आपली देणगी या निधीकडे वळवण्यास आनंदाने संमती दिली, हे आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

उपचाराच्या खर्चासाठी धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेचाही आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत आपला उपचार बसतो का, हे दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्रांकडे विचारून घ्यावे. दाखल झाल्यावर धावपळ होते.

उपचारानंतर

कोणताही उपचार झाला तरी अन्ननलिकेची लहर परत येत नाही, म्हणून काही पथ्ये जन्मभराची आहेत. घास लहान घ्यावा, बारीक चावावा, सोबत पाणी प्यावे. बसूनच जेवावे आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये. पलंगाची उशाकडची बाजू थोडी उंच करावी. छातीत जळजळ नसली तरी आम्लाची सूज असू शकते. पोएम किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी एन्डोस्कोपी करून घ्यावी. दीर्घकाळ हा विकार असलेल्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो, हेही ध्यानी ठेवावे. घास पुन्हा अडू लागल्यास लाजू नये, लपवू नये आणि वर्षे घालवू नयेत.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्या घरात, शेजारी, भावकीत पंगत टाळणारे, सर्वांच्या नंतर एकटे जेवणारे, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेणारे कोणी असेल, तर त्यांना एकदा तो साधा प्रश्न विचारावा. आम्ही तो चार वर्षे विचारला नाही. आपण विचारावा आणि त्यांना जवळच्या रुग्णालयात घेऊन जावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.